पर्मनंट हाय का वो?

आयटीतली पक्की नोकरी की कॉन्ट्रॅक्ट? पुण्यात हा प्रश्न पॅकेजचा असतो. भंडाऱ्यात मात्र तो अख्ख्या घराचा होतो. दोन्ही ऑफर्स समोर ठेवून केलेला हा रोखठोक हिशेब...

भंडाऱ्यात तुम्ही कुठल्या कंपनीत आहात याचं कुणाला फारसं कौतुक नसतं. जावा, क्लाऊड, ऑटोमेशन टेस्टिंग वगैरे शब्दांनी तर कुणाची पापणीही लवत नाही. पॅकेजचा आकडा सांगितला की लोक मान डोलावतात, चहाचा एक घोट घेतात आणि मग खरा प्रश्न येतो : 'ते ठीक हाय, पण पर्मनंट हाय का वो?'

गेले दोन महिने हा प्रश्न मी रोज स्वतःलाच विचारतेय. माझ्याकडे दोन ऑफर्स आहेत. पहिली पुण्यातली. पक्की नोकरी, वर्षाला १५ लाखांचं सीटीसी, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, आई-बाबांसकट ग्रुप इन्शुरन्स. दुसरी बारा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टची. दिवसाला ८ हजार रुपये, काम कुठूनही. आणि 'कुठूनही' या शब्दात आमचं भंडाऱ्याचं घरही येतं!

माझं वय ३१. आईला डायबेटिस आणि ब्लडप्रेशर, बाबा ६८ वर्षांचे. पुणे ते भंडारा साडेसातशे किलोमीटरच्या वर. महाराष्ट्र एक्स्प्रेसने भंडारा रोडला उतरायचं म्हणजे अख्खी रात्र आणि वर दिवसाचा मोठा तुकडा. त्यामुळे माझ्यासाठी प्रश्न फक्त पैशांचा नाही. पक्की नोकरी आईच्या हॉस्पिटलचं बिल भरणार, पण मी तिच्यापासून लांब. कॉन्ट्रॅक्टमध्ये मी तिच्याजवळ, पण बिलाचं माझं मी बघायचं. आता बोला!

'कंत्राटी' म्हटलं की कपाळावर आठी

आधी आमच्या गावाची बाजू समजून घ्या. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. आमच्या शेजारचे काकाजी तिथून रिटायर झाले. क्वार्टर, हॉस्पिटल, मुलांची शाळा आणि शेवटी पेन्शन. त्यांचं वाक्य ठरलेलं : 'पगार कमी असला तरी चालते बाई, पन पक्की पाह्यजे.' त्यांच्या पिढीसाठी हे वाक्य शंभर टक्के खरं ठरलं.

याउलट 'कंत्राटी' हा शब्द आमच्याकडे कुणासाठी वापरला जातो? ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकांसाठी. राज्यात २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्प आला आणि गावोगावी कॉम्प्युटरवर बसणारी मुलं-मुली कंत्राटावर घेतली गेली. दाखले, जमाखर्च, ऑनलाइन नोंदी हे सगळं त्यांच्याच बोटांवर. पुढे प्रकल्पाचं नाव बदलून 'आपले सरकार सेवा केंद्र' झालं, एजन्सी बदलली, पण परिचालक कंत्राटीच राहिले. किमान वेतन आणि आकृतिबंधात पद मिळावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. म्हणजे आमच्या तालुक्यातलं पहिलं 'आयटी कॉन्ट्रॅक्टिंग' हेच! ते पाहिलेल्या माणसाला तुम्ही 'कॉन्ट्रॅक्टमध्ये जास्त पैसे मिळतात' असं सांगितलं तर तो हसणारच.

६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत बाह्यस्रोतातून माणसं घेण्याचा निर्णय काढला, तेव्हाही असाच गदारोळ उठला. शेवटी २० ऑक्टोबरला तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द केल्याचं जाहीर केलं.

मग पुण्या-बंगळुरूतला कॉन्ट्रॅक्टर खुशीत कसा? माझ्या मते फरक एकाच गोष्टीचा. तो 'नाही' म्हणू शकतो. त्याच्या कामाला दुसरं गिऱ्हाईक आहे. ग्रामपंचायतीतल्या परिचालकाला दुसरी ग्रामपंचायत नसते. शब्द एकच, पण जगं दोन. आपण यातल्या कुठल्या जगात आहोत, हे पहिल्यांदा तपासायचं.

आणि पक्की तरी किती पक्की?

काकाजींच्याच कारखान्याचं उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं आणि देशभरातल्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. भंडाऱ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. जुने कर्मचारी केंद्र सरकारचेच राहून प्रतिनियुक्तीवर त्या कंपनीत आले, म्हणजे पक्क्या नोकरीला अचानक एक मुदत चिकटली. त्याच कारखान्यात पुढे डेंजर बिल्डिंग वर्करची भरती निघाली ती ठरावीक मुदतीच्या करारावर. पेन्शनचं म्हणाल, तर १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नव्हतीच.

आयटीतही तेच. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. देशातली सर्वात 'सरकारी' वाटणारी खासगी नोकरी ती! प्रोजेक्ट संपल्यावर बेंचवर बसून निवांत सर्टिफिकेशन करण्याचे दिवस गेले. आता बेंचवरचा प्रत्येक दिवस मोजला जातो.

म्हणून 'पर्मनंट' या शब्दाचं आयटीतलं भाषांतर मी असं करते : शेवटची तारीख न लिहिलेली नोकरी. कॉन्ट्रॅक्टमध्ये ती तारीख लिहिलेली असते, एवढंच.

कॉन्ट्रॅक्टचे दोन अवतार

'मी कॉन्ट्रॅक्टवर आहे' असं दोघं म्हणतात तेव्हा दोघांचं बोलणं एकच असेल असं नाही.

पहिला अवतार, थर्ड पार्टी पेरोल. तुम्ही बसता मोठ्या कंपनीत, पण पगार देते दुसरीच एजन्सी. पगाराची स्लिप मिळते, पीएफ कापला जातो. 'काँट्रॅक्ट टू हायर' म्हणजे सहा महिने-वर्षभराने पक्कं करू, हेही यातच आलं. लक्षात ठेवा, 'करू' हा शब्द तोंडी असतो. तो कागदावर आणा.

दुसरा अवतार, स्वतःचं बिल. तुम्ही नोकर नाहीच, व्यावसायिक. महिन्याला इन्व्हॉइस पाठवायचा, कंपनी बहुधा १० टक्के टीडीएस कापून पैसे देणार. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. माझी ऑफर हीच.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यामुळे या फरकाला आता आणखी वजन आलंय. ठरावीक मुदतीवर थेट नोकरीला घेतलेल्यांना ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायची गरज राहिली नाही, एक वर्षावर हक्क मिळतो. पण हे 'नोकर' असलेल्यांसाठी. इन्व्हॉइस पाठवणाऱ्याला त्यातलं काही नाही. मॅटर्निटी लीव्हचंही तसंच. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, ती नोकरीतल्या बाईला. मैत्रिणींनो, येत्या दोन-तीन वर्षांत तो विचार असेल तर हा रकाना आधी भरा.

बिडीच्या कारखान्यात सापडलेली कसोटी

नोकर कोण आणि कंत्राटदार कोण, हा वाद काही आयटीने आणला नाही. आमच्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या बिड्या वळल्या गेल्या, हजार बिड्यांमागे इतके पैसे या हिशेबाने. शेजारच्या नागपुरातल्या एका बिडी कारखान्याचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मालकाचं म्हणणं होतं, हे लोक हवं तेव्हा येतात, हवं तेव्हा जातात, नगावर पैसे घेतात, म्हणजे हे आमचे कामगारच नाहीत. १९६१ मध्ये कोर्टाने ते मानलं नाही. वेळ मोकळी असली तरी काम कारखान्यात बसूनच करायचं, आणि ठरलेल्या दर्जाची नसेल ती बिडी मालक नाकारणार. मग ताबा मालकाचाच आणि माणूस कामगार!

तिकडे अमेरिकेत मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं टेंपररी म्हणून काम करणाऱ्यांनी हाच मुद्दा उचलला. पक्क्यांच्या गळ्यात निळा बॅज, यांच्या गळ्यात नारिंगी. बाकी टीम तीच, काम तेच. २००० मध्ये कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आपल्यासाठी यातून काढायची कसोटी सोपी आहे. लॅपटॉप त्यांचा, वेळ त्यांची, रोजचा स्टँडअप त्यांचा, रजेला परवानगी त्यांची, दुसरं काम घ्यायला बंदी... आणि तरी तुम्ही 'स्वतंत्र व्यावसायिक'? मग तुम्ही बंधनं नोकरीची घेताय आणि जोखीम धंद्याची. असा सौदा असेल तर रेट तरी तसाच हवा. मी माझ्या ऑफरमध्ये दोन गोष्टी बदलून मागितल्या, दुसरं काम घेण्याची मोकळीक आणि कामाच्या तासांऐवजी कामाची यादी. पहिली मिळाली. दुसरी अर्धी मिळाली.

८ हजार गुणिले किती?

आता आकडे. दिवसाला ८ हजार म्हणजे वर्षाच्या २६० कामाच्या दिवसांचे २० लाख ८० हजार. पक्क्या नोकरीचे १५. जवळजवळ सहा लाखांचा फरक! इथेच बरेच जण राजीनाम्याचा मेल टाइप करायला घेतात.

थांबा. २६० मधून सण आणि सुट्ट्या १० काढा. आपल्या रजा १५. ताप, खोकला, नातेवाइकांची लग्नं ५. उरले २३०. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये एक रिकामा महिना धरा, म्हणजे २० दिवस आणखी गेले. हातात २१० दिवस. गुणिले ८ हजार, १६ लाख ८० हजार. आता आई-बाबांचा विमा, लॅपटॉप, सीएची फी, भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात लाइट गेली तर इन्व्हर्टर आणि दुसरं इंटरनेट कनेक्शन, यासाठी मी वर्षाला एक लाख धरले. उरले १५ लाख ८० हजार.

पक्क्या नोकरीच्या १५ लाखांतही हवा असते. बेसिक निम्मं धरलं तर ९० हजार कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ३६ हजार ग्रॅच्युइटी त्यात आधीच मोजलेली. पीएफ तुमचाच, पण आज खर्चायला नाही. आणि ग्रॅच्युइटी? ती पाच वर्षं टिकलात तर! उरलेल्या पगारावर २०२५-२६ च्या नव्या कररचनेनुसार सुमारे ७८ हजार टॅक्स.

टॅक्समध्ये मात्र कॉन्ट्रॅक्टर फायद्यात. २०१६ च्या अर्थसंकल्पात व्यावसायिकांसाठी अंदाजित कराची सोय आली. जमा रकमेच्या निम्मं उत्पन्न दाखवायचं, खर्चाच्या पावत्यांची फाईल ठेवायची गरज नाही. आयटी व्यवसाय त्यात बसतो. माझ्या १६ लाख ८० हजारांचे ८ लाख ४० हजार उत्पन्न धरले जाणार आणि १२ लाखांपर्यंत कर शून्य. कापलेला टीडीएस रिटर्न भरल्यावर परत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीही सहसा लागत नाही. वर गेली की बिलावर १८ टक्के आणि रिटर्न्सची कटकट. पण खबरदार, काम जर खरं तर नोकरीसारखंच असेल तर ही सोय वापरण्याआधी सीएला ते कॉन्ट्रॅक्ट वाचायला द्या.

तर शेवटची बेरीज : कॉन्ट्रॅक्ट १५ लाख ८० हजार, नोकरी १४ लाख २२ हजार. सहा लाखांचा फरक दीड लाखावर आला! आणि रिकामा काळ एकाऐवजी तीन महिन्यांचा झाला तर? ३ लाख २० हजार गेले, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट उलट दीड लाखाने मागे. माझ्या आकड्यांवरून निघालेला ठोकताळा असा की वर्षाचा रेट पगाराच्या सव्वापट असेल तर फक्त बरोबरी होते. दीडपट असेल तर विचार करण्यात अर्थ आहे. माझा जेमतेम १.४ पट आहे.

आईची फाईल

माझा निर्णय महिनाभर अडला तो आईच्या फाईलवर. ग्रुप इन्शुरन्समध्ये जुना आजारही सहसा पहिल्या दिवसापासून चालतो. स्वतंत्र पॉलिसीत तसं नसतं. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागू शकतं. २०२४ पर्यंत ही मर्यादा चार वर्षांची होती. त्याच वर्षी ६५ वयानंतर नवी पॉलिसी नाही ही अडचणही नियामकाने दूर केली. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. थोडक्यात, वाट पूर्वीइतकी बिकट नाही.

पण खरी किल्ली वेगळीच आहे आणि ती एचआर स्वतःहून सांगत नाही. कंपनी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं मग प्रतीक्षेच्या काळात धरली जातात. अट एकच, अर्ज वेळेत हवा, राजीनाम्यानंतर आठवण येऊन उपयोग नाही. माझ्या सध्याच्या नोकरीत मला सहा वर्षं झाली आहेत. ती सहा वर्षं आईच्या कामी येणार असतील तर माझ्यासाठी तीच खरी ग्रॅच्युइटी!

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, 'तू इथं राहाशीन तं मले कोनत्या कागदाची गरज?' आईला असं म्हणायचा हक्क आहे. मला तो कागद लागतोच.

बाबांचा एकच प्रश्न

बाबांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. भंडारा एकेकाळी पितळी भांड्यांसाठी ओळखलं जायचं, मग घराघरात स्टील आलं. बाबांना आयुष्यात एकही सॅलरी स्लिप मिळाली नाही, त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट या शब्दाला न घाबरणारा घरात तो एकमेव माणूस. माझी एक्सेल शीट त्यांनी शांतपणे पाहिली आणि विचारलं, 'रेट मोठा हाय हे समजलं. पैसा कवा येते ते सांग.'

उधारी! धंदा बुडतो तो बहुधा उधारीत. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलं होतं, बिलानंतर ६० दिवसांनी पैसे. म्हणजे पहिल्या महिन्याच्या कामाचे पैसे तिसऱ्या महिन्याच्या शेवटी. तोपर्यंत घर कशावर चालणार? मग मी शोधाशोध केली. उद्यम नोंदणी केली की आपण सूक्ष्म उद्योग ठरतो आणि २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मी नोंदणी केली, ते कलम दाखवलं आणि ६० चे ३० दिवस झाले. एमबीए न केलेल्या बाबांमुळे!

जाता जाता होम लोनचं. पगारदाराला सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ वर काम भागतं, व्यावसायिकाला बँका सहसा दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात. फ्लॅट घ्यायचा असेल तर आधी लोन, मग कॉन्ट्रॅक्ट. हा क्रम उलटा करू नका.

सही करण्याआधी स्वतःला विचारा...

• सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आहे का? (ईएमआय धरून!)
• रेट पगाराच्या निदान सव्वापट आहे का? त्याखाली असेल तर तुम्ही तोट्यात आहात.
• नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का? त्यांना सात दिवस आणि तुम्हाला साठ, असं चालणार नाही.
• पैसे किती दिवसांत, हे लिहून मिळालंय का?
• घरच्यांचा विमा नोकरी सोडण्याच्या आधी बदलून घेतलाय का?
• हे कॉन्ट्रॅक्ट उद्या बंद पडलं तर ज्यांना फोन करता येईल अशी तीन नावं आहेत का?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. तीन नावं नसतील तर पक्की नोकरी घ्या आणि तिथे बसून ती नावं मिळवा. त्यात काही कमीपणा नाही.

तर मग?

मी कॉन्ट्रॅक्ट घेतेय. दीड लाखासाठी नाही, ते तर एका रिकाम्या महिन्यात वाहून जातील. मी घेतेय कारण पुण्याच्या नोकरीला जे जमत नाही ते यात जमतं. आईची दर तीन महिन्यांची शुगरची तपासणी मला रजा न टाकता करून आणता येते. नागपूरचं मोठं हॉस्पिटल साठ किलोमीटरवर आहे आणि गाडी चालवणारं माणूस घरात असणार आहे. हा रकाना एक्सेलमध्ये नव्हता, तो मी शेवटी हाताने जोडला.

पण मी हे 'सोडून दिली नोकरी' अशा धुंदीत करत नाहीये. विम्याचा अर्ज गेलाय. सात महिन्यांचा खर्च बाजूला आहे. आणि दहाव्या महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरवर खूण आहे. त्या दिवशी नवं कॉन्ट्रॅक्ट हातात नसेल तर पक्क्या नोकरीचे अर्ज सुरू करायचे, तेही रुसून न बसता. माझी मैत्रीण नेमकं उलट करतेय. तिला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. तिने पक्की ऑफर घेतली आणि तिचं अगदी बरोबर आहे. आमची दोघींची उत्तरं वेगळी आली, कारण रकाने वेगळे होते.

शेजारच्या काकाजींना मी सांगितलंय. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'म्हंजे आता तूच मालक अन् तूच कामगार?' मी हो म्हटलं. 'मंग मालकाले सांग, पगार टायमावर देत जाय!'

पीएफचं खातं नसलं तरी दर महिन्याच्या बिलातले बारा टक्के बाजूला टाकायचे, हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं.